सतरावं पत्र

दिव्यानीने पहिलंच पत्र हातात घेतलं, तर ते वाकेना.

"लॅमिनेशन केलंय का काका?"

"सगळ्यायले," देवराव म्हणाले. "एकशे बारा हायेत. एकबी सुटलं नाई."

शाबासकीची वाट बघतच ते बोलले होते, आणि त्यात वावगं काही नव्हतं. घुग्घुसमध्ये सकाळी पुसलेला ओटा दुपारपर्यंत काळा होतो. कोळशाची धूळ पेटीत शिरते, कपाटात शिरते, माणसाच्या छातीत शिरते. खाणीच्या वजनकाट्यावर पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे कोणी सांगायला नको. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी बसस्टँडजवळचा झेरॉक्सवाला गाठला आणि दर महिन्याला चार-पाच करत सगळी पत्रं प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली. स्वातंत्र्यसैनिक, मंत्री, कीर्तनकार, एक पहिलवानसुद्धा. देवराव मोठ्या माणसांना पत्रं लिहायचे आणि त्यांची सहीची उत्तरं जपायचे. गल्लीत ज्याला कुत्रं विचारत नाही त्याला दिल्लीहून पत्र येतं, असं वस्तीतले लोक म्हणायचे. हसायचे, पण बघायलाही यायचे. आता ते लोकही उरले नव्हते.

दिव्यानी नागपूरच्या एका संग्रहालयातून आली होती. वामनराव वैरागडे बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेले आणि पुढे जन्मभर जंगलभागात शाळा काढत फिरलेले. त्यांचे कागद संग्रहालयात आले, त्यात देवरावांचा पत्ता निघाला. वैरागड्यांची उत्तरं इथे असतील तर ती न्यावीत, एवढंच तिचं काम होतं. देवरावांनी मात्र फोनवरच सांगून टाकलं होतं, सगळंच घेऊन जा. घरात दुसरं माणूस नव्हतं. आपल्यामागे हा खोका भंगारवाल्याच्या गाड्यावर जाणार, ही एकच भीती त्यांना उरली होती.

"काका, ही आम्हाला घेता येणार नाहीत," दिव्यानी म्हणाली. "लॅमिनेशन गरम करून करतात. कागद प्लास्टिकला चिकटून बसतो. आतल्या आत खराब होतो, आणि सोडवायला गेलं तर शाई निघून येते."

"धूळ तं नाई लागली न?"

"नाही लागली."

"मंग?"

तिला वाईट वाटलं. कामाचा भाग म्हणून नव्हे, असंच वाटलं.

देवरावांनी पत्रं एकेक करून खोक्यात परत ठेवायला घेतली. कोणतं कोणाच्या खाली जायचं ते त्यांना न बघता कळत होतं.

"जमलं तसं सांभाळलं मी," ते म्हणाले. "इथी मले कोन सांगनार होतं?"

"तुमची पत्रं मात्र चांगली आहेत," दिव्यानी घाईने म्हणाली. "आमच्याकडे."

"माही पत्रं?"

"वैरागड्यांनी ठेवली होती. सतरा आहेत."

देवरावांचा हात थांबला.

"मले तं चारच उत्तरं आली त्यायची. बाकीची फेकली असतीन, असं वाटे मले."

"एकही फेकलं नाही. दोन-तीन पत्रांवर तर लाल पेन्सिलीने रेघा मारल्यात. फक्त शेवटचं बंद होतं. ते पोचलं तेव्हा वैरागडे गेले होते."

"ते पेपरात वाचलं होतं मी." देवरावांनी हातातलं पत्र खोक्यात ठेवलं. "बंदच हाये का मंग अजून?"

"नाही. नोंद करायची होती, म्हणून मी उघडलं."

"वाचलं?"

"हो."

बाहेरून कोळशाचे ट्रक चालले होते. खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

त्या पत्रात सही मागितलेली नव्हती. बायको गिरजा हिला जाऊन पंधरा दिवस झाले, असं देवरावांनी लिहिलं होतं. भात अजून दोघांचाच शिजवला जातो. ड्युटीवरून आलो की दारातूनच हाक मारतो, मग आठवतं. तुम्ही पुष्कळ पाहिलेलं आहे, माणसाने अशा वेळी काय करावं ते दोन ओळींत कळवा. दिव्यानीने ते पान त्या दिवशी दोनदा वाचलं होतं आणि नोंदवहीत लिहिलं होतं: व्यक्तिगत, एक पान.

देवराव उठले. माठातलं पाणी तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतः पुन्हा पलंगाच्या कडेला बसले. सव्वीस वर्षांपूर्वीचं आपलं मन या पोरीने वाचलं आहे, हे कळल्यावर ते चिडतील, निदान लाजतील तरी, असं तिला वाटत होतं. पण ते तिच्याकडे असे बघत होते, जणू घरात आत्ताच कोणीतरी आलं आहे.

"त्या पाकिटात माह्या पत्त्याचं कोरं कार्ड होतं," ते म्हणाले. "दर पत्रात ठेवत होतो मी. समोरच्याले पत्ता लिवाचा बी तरास नाई पाह्यजे."

"आहे ना. पत्रासोबतच ठेवलंय."

"कोरंच हाये?"

"कोरंच आहे."

"मंग लिव न माय त्याच्यावर."

"मी?"

"तूच वाचलं, तं उत्तर तुह्यावरच आलं."

दिव्यानीने खाली बघितलं. "मी काय लिहिणार काका?"

"लिव काईबी, दोन ओळी," देवराव म्हणाले. "अन् खाली सही करजो."