रथावरचे आकाश

चंद्रावर टिपलेल्या छायाचित्रांतील काळ्याभोर आकाशात एकही तारा दिसत नाही. तेवढ्यावरून संकेश्वरात फोटो-स्टुडिओ चालवणाऱ्या शाळा समितीचे अध्यक्ष नागेंद्रअण्णांनी चांद्रमोहीमच खोटी ठरवली आणि मुलींनी विज्ञानप्रदर्शनात मांडलेले अंतराळवीराचे छायाचित्र उतरवायला लावले. “लई फसवलंय जगाला, बाई! तारं कुठं हाईत?” विज्ञानशिक्षिका उपासनाला त्यांनी पुरावा म्हणून मोबाईलवर दाखवलेल्या व्हिडिओची शिसारी आली. तिने शाळेच्या भिंतीवरील लक्ष्मीयात्रेच्या छायाचित्राकडे बोट दाखवले: रात्र, झगमगता रथ, वर निव्वळ काळोख. “हा फोटो कुणी काढला, अण्णा?” “म्याच की!” “तारे कुठे गेले?” “दिव्यांचा उजेड लई. ताऱ्यांसाठी शटर जास्त येळ उघडं ठेवलं, तर देवीचा मुखडा पांढराफटक व्हतोय.” “चंद्रावर तर ऊन होतं.” अण्णा म्हणाले, “त्येचं न्यारं असतंय.” किळस गिळून तिने दोन्ही छायाचित्रे शेजारी-शेजारी टांगून खाली लिहिले: प्रखर उजेडासाठी शटर क्षणभरच उघडले, म्हणून मंद तारे उमटले नाहीत.