परत येण्याचा शिक्का

ओहायोत राहायला येऊन महिनाच झाला होता. प्राणिसंग्रहालयातली नाताळची रोषणाई आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. खरे प्राणी उबेत हलवले होते. पिंजऱ्यांत दिव्यांची अस्वलं उभी होती.

माझ्या बायकोची, लोर्नाची, बोटं गोठली, तसे आम्ही बाहेर पडायला फाटकाशी आलो.

“हातावर शिक्का घ्या,” फाटकावरची म्हातारी म्हणाली, “म्हणजे परत आत येता येईल.”

“परत कोण येतंय, आजी! मी घरी जाऊन रजईत शिरणार,” लोर्ना म्हणाली.

“दरवेळी हेच म्हणतेस, पोरी.”

लोर्नानं हसत हातमोजा काढला, मग घाईनं बाही वर सारली. कोपरापर्यंत निळे शिक्के होते, खालचे पार पुसट झालेले. तसूभरही जागा नव्हती.

“बरं, दुसरा हात दे,” म्हातारी म्हणाली.

माझे दोन्ही हात खिशात होते. ते बाहेर काढायचं मला धाडस होईना.