कमानीने दिलेली भूमिका

कमानीवरच्या पडद्यावर सगुणाबाईंच्या हातात झाडू आला आणि एक गोरीपान मालकीण त्यांच्यावर खेकसू लागली.

त्यांच्या लेकीच्या, निशिगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्यानाची ही प्रवेशकमान तिनेच आखली होती. खालून जाणाऱ्याचा चेहरा पाहून कमान त्याला जुन्या चित्रपटातली शोभेलशी भूमिका द्यायची. यंत्र सांभाळणाऱ्या पाटणकरांच्या गोऱ्या, घाऱ्या मुलाला कमानीने मघाशीच राजपुत्र केलं होतं. सिव्हिल सर्जन म्हणून निवृत्त झालेली निशिगंधाची सावळी आईही ठेवणीतली साडी नेसून, हौसेने त्याच कमानीखाली उभी राहिली होती.

"पाटणकर, बंद करा ते आधी. काय शिकवलंय तुम्ही या यंत्राला?"

"मी काही शिकवलं नाही, मॅडम," पाटणकर म्हणाले. "चारशे चित्रपट दाखवले. यादी तुमचीच होती."

"लोकांच्या लाडक्या चित्रपटांची यादी आहे ती," निशिगंधा कडाडली. "आमच्या घरात दर रविवारी हेच लागायचे. विचारा आईला."

सगुणाबाई अजून पडद्याकडेच बघत होत्या.

"तू बघायचीस," त्या म्हणाल्या. "मी उठून आत जायचे. का जाते, ते कधी विचारलं नाहीस."