चुन्याचं नाक

किनाऱ्यावर तपासायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी चुन्याचं तोंड वर उचललं, तसा तो कळवळला. पांढऱ्याशुभ्र कुत्र्याचं नाक वरच्या बाजूने पार सडलं होतं. सीता मालवणच्या किनाऱ्यावर सुकट वाळवायची आणि कावळे हाकायला चुन्या तिच्या जोडीला असायचा. आधी चुन्याला बांगड्याची तुकडी, मग नवऱ्याचं ताट, इतका तो लाडका.

"रोज भिरंडेल लायतंय," सीता म्हणाली. कोकमाच्या बियांचं ते तेल. टाचांच्या भेगांपासून फुटलेल्या ओठांपर्यंत सगळ्याला तिचं हेच औषध. "तरी सुकना नाय."

"ही साधी जखम नाही, कॅन्सर आहे. फार पुढे गेलाय," हातमोजे काढत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पांढऱ्या कुत्र्याचं नाक गुलाबी असतं, त्याला ऊन सोसत नाही. सावलीत का बांधला नाहीत?"

सीताने मागे पाहिलं. झावळ्यांचा मांडव चुन्याच्या खुंटाला लागूनच होता. ती स्वतः रोज त्यातच बसायची.

"सावळेत निजता तो," ती खालच्या आवाजात म्हणाली. "म्हणान मीच त्येका उन्हात बांधतंय."

मांडवात तिचा नवरा धोंडू जाळं सांधत बसला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "जांव दी. आता काळो कुत्रो हाडूया."

दुसरा कुत्रा आणायची ही भाषा ऐकून सीताला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं. पण दोर बांधणारे हात तिचेच होते.

डॉक्टरीणबाई गेल्यावर तिने चुन्याला सोडलं आणि मांडवात आणून ओल्या गोणपाटावर निजवलं. त्याचा जरा डोळा लागला, तोच सुकटीवर कावळे उतरले. चुन्या धडपडत उठला, रिकाम्या खुंटापाशी आपल्या रोजच्या जागी जाऊन बसला आणि भुंकू लागला.

"चुन्या, हय ये! सावळेत ये रे!"

तो हलेना. नाकातून रक्त ठिबकत होतं. कावळ्यांना मारायला साठवलेल्या खड्यांतला एक सीताने उचलला आणि रडत रडत त्याच्यावरच भिरकावला.

खडा त्याच्या पायाशी पडला. चुन्याने शेपूट हलवलं आणि नाक वर करून तो आभाळात कावळा शोधू लागला.