बावीस दिवसांची स्थगिती

"बस गं पोरी, तुझे कसले पैसे? मोठी झालीस की तू मला फिरव."

नावाडीमामाचा तीस वर्षांपूर्वीचा तो आवाज स्पर्धा आयोगाच्या व्हरांड्यातही तिच्या कानात होता. मामाने तिला शाळेसाठी रोज फुकट नदीपार नेलं होतं. आता त्याच नदीवरून पलीकडच्या धबधब्यापर्यंत तिचा रोपवे जात होता, सरकारी अनुदानावर. मामाची नाव काठाला बांधलेली.

समोरच्या बाकावर मामा गुणगुणत होता,

"वरून चालला पाळणा, खाली मोकळी नाव,
पाण्याला पुसेना कुणी, तारेला सरकारी भाव."

"छान जमलंय मामा. तक्रारीतही हेच लिहिलंत का?"

"मी नाही केली तक्रार, मालकीणबाई. करायची असती तर तोंडावर केली असती."

'मालकीणबाई' तिला लागलं. पण दुसरं कोण करणार? तक्रारदाराचं नाव आयोगाने गुप्त ठेवलं होतं. अनुदानामुळे स्पर्धा निकोप राहिली नाही, एवढाच मजकूर. आणि तेवढ्यावर ऐन हंगामात बावीस दिवस रोपवे बंद. अजून आठवडा असाच गेला तर तो विकायलाच काढावा लागणार होता.

शेजारी नवरा बसला होता. रोपवेची खरेदी, तपासणी सगळं त्याच्याकडे. स्थगिती आली त्या रात्री हा माणूस ढाराढूर झोपला होता. तिचा राग अजून गेला नव्हता.

"पुढची तारीख मागू या," तो पुटपुटला. "घाई कशाला?"

"अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

आत निकाल दोन मिनिटांत लागला. नावाड्याला भरपाई द्यावी, रोपवे चालू ठेवावा, स्थगिती उठवली.

"आपण पोचल्यावरच सुरू करू," म्हणत नवरा निकालाची प्रत आणायला गेला. तिला कुठला धीर? तिने व्हरांड्यातूनच चालकाला फोन लावला.

नवरा परतला तेव्हा ती फोन कानाला लावून हसत होती. बावीस दिवसांत पहिल्यांदा.

"केला सुरू. अहो, सासूबाई केव्हाच्या रोपवेपाशी येऊन बसल्या होत्या म्हणे. पहिल्या पाळण्यात त्याच. नदीच्या मधोमध आल्यात."

त्याच्या हातातून प्रत गळाली.

"तक्रार मी केली होती," तो म्हणाला. "अनुदानातला नवा दोर मी आणलाच नाही. जुनाच ग्रीस लावून चढवलाय."