पलीकडचं गाव

बाबांनी यात्रेतून आणलेल्या घोडीवर लहानपणी मी रोज तापीकाठी फिरायचे. उथळ पाण्यापाशी आली, की घोडी थांबून पलीकडच्या गावाकडे बघत राहायची. तिला तिकडे काय दिसतं, ते मला कळेना.

एका सकाळी मी लगाम सैल सोडला. घोडी सरळ पाण्यात उतरली. मी आयाळ घट्ट धरून बसले. नदी ओलांडून, केळीच्या बागेतून ती एका अंगणात जाऊन उभी राहिली.

घरातून एक बाई धावत आली. "मैना! आलीस गं?" म्हणत ती घोडीच्या गळ्यात पडून रडू लागली.

मग डोळे पुसत तिने मला विचारलं, "तुम्ही काय म्हणता हिला?"

"बिजली."

"बिजली," तिने हळूच हाक मारून पाहिली. घोडीने कान टवकारले.

"चांगलं नाव आहे," बाई म्हणाली आणि तिनेच घोडीचं तोंड नदीकडे वळवलं.