पाचवा खांब

पडक्या मठाचं तिचं जलरंगातलं चित्र प्रदर्शनात गाजलं आणि मठाचा रखवालदार हवालदिल होऊन तिच्या दारात उभा राहिला. "बाई, तुमच्या चित्रात खांब पाच, जागेवर चार! साहेब म्हणतात, एक मी विकून खाल्ला. सोमवारी मोजणी आहे. कमी भरला तर माझी नोकरी गेली."

सांडलेल्या चहाचा डाग लपवायला तिनंच तो पाचवा खांब रंगवला होता. पण त्याच्यासमोर हे सांगायला जीभ रेटेना.

सोमवारी ती सगळं कबूल करायला धापा टाकत मठात पोचली, तर साहेब पाच खांब मोजून खुशीत निघाले होते. दम खायला ती जवळच्या खांबाला पाठ लावू लागली.



"टेकू नका बाई, ओला आहे," रखवालदार कुजबुजला. "आणि पुढच्या चित्रात छप्पर तेवढं रंगवू नका."